त्रेचाळीस पोरांची हाजरी

अमृतराव गुरुजींनी जाता जाता डोमाजीजवळ एकच गोष्ट मागितली होती, आणि नेमकी तीच डोमाजीनं दिली नाही. गुरुजींची तेरवी झाली, वर्षसराद झालं, गावानं त्यांच्या नावानं कीर्तनं ऐकली, पदरानं डोळे पुसले. डोमाजीच्या काळजातला काटा मात्र जिथल्या तिथं राहिला. तो देवाला सांगून निघत नाही आणि माणसाला सांगून तर नाहीच नाही.

डोमाजी सावरखेड्याच्या शाळेचा चपराशी. सावरखेडा म्हणजे भीमपूरच्या पुढं, पैनगंगेच्या अलीकडचं, कपाशी-जवारीचं गाव. घाटावर उभं राहिलं की पलीकडची पिकं दिसतात, पलीकडची माणसं ओळखू येतात, हाक मारली तर ओ देतात. पलीकडचं राज्य मात्र वेगळं. डोमाजी नोकरीला लागला तेव्हा निजाम सरकार होतं आणि शाळेला मदरसा म्हणत. दिवसा अमृतराव गुरुजी हुकुमाप्रमाणं उर्दू शिकवत, आणि दिवस मावळायच्या आधी मारुतीच्या पारावर राखेत बोटानं मराठी बाराखडी काढत. तिशीतला डोमाजी लहान पोरांच्या रांगेत मांडी घालून बसला आणि वाचायला शिकला. मिशा आलेला विद्यार्थी म्हणून पोरं हसायची. गुरुजी म्हणायचे, "हसा लेकहो. पण तो तुमच्याआधी पोथी वाचेल." आणि वाचली त्यानं.

मग अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. मदरशाची शाळा झाली, औरंगाबादेहून मराठी पुस्तकांचं गाठोडं आलं. त्या दिवशी गुरुजींनी पुस्तकांना हळदकुंकू वाहिलं होतं. सात-आठ वर्षं अशी गेली की उन्हातसुद्धा सावली वाटावी. पुढं गुरुजींची पेन्शन झाली, आणि वर्षाच्या आत भाषेप्रमाणं मुलखाची वाटणी झाली. औरंगाबाद गेलं तिकडं मराठी राज्यात, आदिलाबाद आणि त्यातलं सावरखेडा राहिलं इकडं तेलगू राज्यात. पुस्तकं जिथून यायची ते गावच परक्या राज्यात गेलं, तर गाठोडं यावं कुठून? गुरुजींच्या जागी मास्तर येणार येणार म्हणता आलाच नाही. मग गुरुजीच रोज साडेदहाला डोक्याला रुमाल बांधून शाळेत येऊन बसू लागले. बिनपगारी. कुणी विचारलं तर म्हणत, "घरी बसून माशा मारण्यापेक्षा पाढे बरे."

कापूस वेचणीच्या दिवसांत पोरं शेतात जात. गुरुजी बांधाबांधानं फिरून त्यांना गोळा करत. मोठ्या पोरींच्या कडेवर धाकटी भावंडं असायची, म्हणून त्यांना येता येत नसे. तर गुरुजींच्या बायकोनं, राहीबाईंनी, शाळेच्या ओट्यावर झोळ्या बांधल्या आणि गावची तान्ही लेकरं सांभाळायला घेतली. आत पाढे चालायचे आणि बाहेर अंगाई.

पण सगळ्यात मोठी युगत टाळांची. गुरुजींनी कुठून कुठून मागून टाळाचे वीस जोड जमवले होते आणि शाळेच्या कपाटात ठेवले होते. ज्याची आठवडाभर हाजरी, त्याच्या हातात एकादशीला टाळ. ज्याचा एक दिवस बुडाला त्यानं नुसत्या टाळ्या वाजवाव्यात. गुळाच्या खड्यासाठी जी पोरं आली नसती ती टाळासाठी आली. दोन वर्षांत असं झालं की गावचं भजनी मंडळ म्हणजे शाळा, आणि शाळा म्हणजे भजनी मंडळ. जुने टाळकरी म्हातारे भिंतीला टेकून ऐकत बसायचे. विणा तेवढा डोमाजीच्या गळ्यात. तो मान गुरुजींनी त्याला दिला होता.

त्या पौषात आदिलाबादच्या कचेरीचं पत्र आलं. येत्या गुरुवारी अकरा वाजता साहेब येऊन मराठी शिकणारी मुलं मोजतील. रजिस्टरातली नावं चालणार नाहीत, हजर असलेली डोकी मोजायची. चाळीस भरली तर मराठी शाळा राहील आणि मराठी मास्तर मिळेल. नाही भरली तर जूनपासून तेलगू शाळा.

पत्र आलं तेव्हा गुरुजी अंथरुणाला खिळलेले होते. छातीत कफ दाटला होता. सोमवारी त्यांनी डोमाजीला बोलावून घेतलं. राहीबाई माजघरात तुरीची डाळ निवडत होत्या.

"डोमाजी, पोरं किती आहेत?"

"त्रेचाळीस, गुरुजी."

"तीन वरती आहेत म्हणून निवांत राहू नको. एखाद्याले ताप येते, एखादा मामाच्या गावी जाते. बेस्तरवारी सगळे पाहिजेत."

"राह्यतीन. मी घरोघरी फिरून येतो."

गुरुजींनी खोकून कफ मोकळा केला. मग म्हणाले, "आणखी एक. मी राहिलो न राहिलो, घंटा साडेदहाला झालीच पाहिजे. मी गेलोच तर मले अंगणात झाकून ठेवा. पोरांची मोजणी होऊ दे. मग उचला."

"काऊन असं बोलून राह्यले गुरुजी?"

"बोलायची गोष्ट आहे म्हणून. शाळा बंद ठेवू नको. दुसऱ्या कोणासाठी ठेवली नाही, माह्यासाठी तर मुळीच नको. दे वचन."

डोमाजीनं पायाला हात लावून वचन दिलं. देताना त्याला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं आहे, दुसरं काय. गुरुजी काही एवढ्यात जात नाहीत.

गुरुजी गुरुवारी पहाटे गेले.

दिवस उगवला तोवर अंगण भरलं. गुराखी आले, वेचणीला निघालेल्या बाया ओटीतल्या भाकरी तशाच ठेवून आल्या. आणि पोरं आली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. एरवी ज्यांना बांधावरून ओढून आणावं लागे ती पोरं त्या दिवशी घंटा न होता आली, आणि रांगेत बसली. डोमाजीनं सवयीनं मोजली. त्रेचाळीस. एकही कमी नाही.

गावचा सारा वसूल करणारे माळी पाटील उद्धवराव पुढं झाले. "चला, तयारी करा. ऊन व्हायच्या आत घाट गाठला पाह्यजे."

डोमाजी हळूच म्हणाला, "पाटील, आज मोजनीचा सायेब येनार हाये. गुरुजी बोलले होते, पोराईची मोजनी होऊ द्या, मंग मले उचला."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"डोमा, तुह्यं डोकं ठिकाणावर हाये का?" उद्धवराव म्हणाले. "गावात मयत हाये. कोनाच्या घरी चूल पेटली नाई. आन तू शाळंची घंटा वाजवतं?"

"त्याईनंच सांगतलं."

"जानारा मानूस सांगतेच. माह्या बापानं मरताना सांगतलं होतं का ढवळ्याले विकू नको. ढवळ्या त्यानंच दोन वर्सं आधी विकला होता." कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "आन तुह्या सायेबाचे अकरा म्हनजे कोनते अकरा? मागं जमिनीची तपासनी करनारा गिरदावर मंगळवारी येतो म्हने, शुक्रवारी आला. तवर मयत ठेवतं? लेकरं उपाशी ठेवतं?"

भिंतीजवळचा एक म्हातारा टाळकरी म्हणाला, "आन पोराईले शाळंत बसवलं त टाळ कोन धरीन? आमचे हात पाहून राह्यला का तू? हे असे थरथरते. गुरुजीले मुक्यानं नेतं का?"

इथं डोमाजी अडला. गावापुढं तो अडला असता तर एखादे वेळी सुटलाही असता. चावी त्याच्या कमरेला होती. तो म्हणू शकला असता की वचन दिलंय, वाटल्यास माझं घर वाळीत टाका. पण तो अडला तो स्वतःपाशी. ज्या माणसानं गावाच्या तोंडात हरिनाम घातलं, कोण्या गरिबाची मयत असो, जो पुढं होऊन भजन म्हणायचा, त्याची स्वतःची तिरडी मुक्यानं निघावी? डोमाजीच्या डोळ्यांपुढं ती वाट आली, धुळीची, कपाशीतून जाणारी, आणि तिच्यावरून चार माणसं काहीच न बोलता चालली आहेत. त्याला ते बघवेना. त्यानं मनाशी म्हटलं, साहेबही माणूसच आहे. त्याच्याही घरी मयत झाली असेल. सांगितलं तर समजेल, दोन घटका थांबेल, नाहीतर उद्या येईल.

माणसाची हीच चूक होते. आपल्याला जे मोठं वाटतं ते सगळ्या जगाला मोठं वाटेल, असं तो धरून चालतो.

डोमाजीनं शाळा उघडून टाळ काढले, पोरांना वाटले. त्या दिवशी हाजरी कुणी पाहिली नाही, लहानसहान पोरांच्याही हातात टाळ आला. ज्यांना पुरले नाहीत त्यांनी टाळ्या धरल्या. मग त्यानं शाळेला कुलूप लावलं, रजिस्टर शाळेशेजारच्या महिपतच्या हाती दिलं. महिपत गुडघ्यानं अधू होता, घाटापर्यंत येऊ शकत नव्हता.

"सायेब आला का त्याले सांग, पोरं घाटावर गेली. थांबा म्हना."

"मले त्याची बोली समजते का?"

"हिंदीतून सांग. पानी दे. खाट टाकून दे लिंबाखाली."

आणि दिंडी निघाली. काय सांगावं ती दिंडी कशी होती. पुढं विणा, मागं दोन रांगांत पोरं, त्यांच्यामध्ये गुरुजी फुलांखाली. पहिल्यांदा पोरांचे आवाज रडके होते, सूर जागचा हालत नव्हता. मग गुरुजींनी शिकवलेली चाल आपोआप लागली. संथ ठायीला सुरू झालेलं नाम दुप्पट लयीत, दुगणीत गेलं. टाळ एका हातानं वाजावेत तसे वाजू लागले. रस्त्याच्या कडेच्या शेतातली माणसं कापसाच्या ओट्या सोडून बांधावर उभी राहिली आणि हात जोडले. नदीपलीकडची माणसंही पाण्याजवळ येऊन थांबली. राजालाही असं जाणं मिळत नाही. डोमाजीला वाटलं, गुरुजी, बघा, तुम्ही लावलेलं झाड.

घाट हाकेवर आला तेव्हा त्यानं सहज मागं वळून पाहिलं. कपाशीच्या वरून, भीमपूरच्या वाटेनं धूळ उठत होती. बैलगाडीची धूळ खाली बसते, ही सरळ लांब होत चालली होती. जीप.

त्याच वेळी पोरांनी गजर उचलला होता. नाम शिगेला गेलं होतं. चालता विणा आणि चढलं नाम मध्येच मोडू नये, हे डोमाजीला लहानपणापासून माहीत. तरी आवाज दिला असता तर पोरं पळत पाऊण तासात गावात पोहोचली असती. मोठ्यांनी तेवढ्या वेळात सरण रचलं असतं. त्याच्या ओठांवर आलंही. पण ओठांवर नाम होतं. तो पुढं वळला आणि चालत राहिला.

गुरुजींना अग्नी देऊन, नदीत डुबकी मारून गाव परतलं तेव्हा दुपार कलली होती. लिंबाखाली खाट रिकामी होती. महिपत रजिस्टर मांडीवर घेऊन बसला होता.

"आला होता का?"

"आला होता. चांगला मानूस होता." महिपत म्हणाला. "मी म्हनलं, गुरुजी मर गये, सब घाट पे गये. त्यानं हात जोडले. तासभर बसला, दोन लोटे पानी पेला. घड्याळ पाहे आन वाटंकडं पाहे. मंग म्हने आज और चार गाँव हैं. आन हे लिहिलं."

डोमाजीनं रजिस्टर घेतलं. पानाच्या तळाला तेलगूत दोन ओळी होत्या. गावात कुणाला त्या वाचता आल्या नाहीत. शेवटचा आकडा मात्र सगळ्यांना वाचता आला. शून्य सगळ्या भाषांत गोलच असतं.

चौथ्या दिवशी उद्धवराव पाटील स्वतः डोमाजीच्या दारात आले. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "माह्या तीन गाड्या घे. पोराईले आदलाबादले नेऊन दाखव. मोजायचे त तिथंच मोजा म्हना."

भल्या पहाटे गाड्या निघाल्या. पोरांनी धुतलेले कपडे घातले होते, पाट्या घेतल्या होत्या, आयांनी दशम्या बांधून दिल्या होत्या. त्यांना वाटत होतं आपण जत्रेला चाललो. डोमाजीनं त्यांना कचेरीच्या आवारात चिंचेखाली ओळीनं बसवलं आणि गुरुजींचं रजिस्टर उघडून हाजरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव, एकेक "हाजर". आवाज असे खणखणीत की कचेरीतले कारकून खिडकीशी आले. त्रेचाळीस नावं झाली, त्रेचाळीस हाजर झाले.

साहेब बाहेर आला. तोच, चष्म्यातला, हळू बोलणारा. त्यानं पोरांकडं पाहिलं आणि डोमाजीला ओळखल्यासारखं विचारलं, "सावरखेडा?"

"जी साब. आप गिन लो. पूरे हैं."

"मैं देख रहा हूँ," साहेब म्हणाला. "मगर गिनती गाँव में होती है, और उसी दिन होती है. मिसल के सब कागज़ हैद्राबाद गये."

"उस दिन हमारे गुरुजी की मयत थी साब."

"मैंने वो भी लिखा है. उधर वो खाना नहीं है फॉर्म में. आदमी मर गया, ये किस खाने में लिखना."

डोमाजीनं रजिस्टर मिटलं आणि म्हणाला, "अगली गिनती कब होगी?"

साहेबानं चष्मा काढून पुसला. "अगली गिनती उधर होती है, जिधर मराठी मदरसा होता है."

शिपायाकडून त्यानं पोरांना पाणी आणि फुटाणे द्यायला लावले. खरंच वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर डोमाजीला घरी जाऊन शिव्या तरी देता आल्या असत्या.

तेरवीच्या दिवशी दुपारी शाळेसमोरच्या मांडवात कीर्तन ठेवलं होतं. भैंशाकडचे चंपतबुवा आले होते. बुवांचा आवाज गोड, आणि त्याहून त्यांचं मन गोड. पूर्वरंगात त्यांनी गुरू म्हणजे काय ते सांगितलं. पाण्याचं दान देणारा मोठा, अन्नाचं देणारा मोठा, पण अक्षराचं देणारा सगळ्यांत मोठा, कारण पाणी-अन्न दिल्यावर संपतं आणि अक्षर दिल्यावर वाढतं. बायाबापड्या माना डोलावत होत्या. डोमाजी बुवांच्या मागं विणा घेऊन उभा होता. विणेकऱ्यानं कीर्तनात बोलायचं नसतं, बसायचं नसतं आणि विणा भुईला टेकवायचा नसतो.

उत्तररंगात बुवा गुरुजींच्या गोष्टीवर आले.

"मायबाप हो," ते म्हणाले, "पटकीच्या सालची गोष्ट तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. गुरुजींना एकुलता एक मुलगा. चार वर्षांचा. पटकीनं एका दिवसात नेला. गावात कुणी कुणाच्या मयतीला जाईना, अशी वेळ. या माणसानं लेकरू एकट्यानं खांद्यावर नेलं, माती दिली, नदीत अंघोळ केली आणि ओल्या धोतरानं शाळेत आला. साडेदहाला घंटा झाली की नाही? सांगा, झाली की नाही?"

"झाली," म्हातारे पुटपुटले.

डोमाजीला ठाऊक होतं. ती घंटा त्यानंच दिली होती. गुरुजींनी मानेनं खूण केली होती, दे म्हणून, आणि तो टोल देताना रडत होता. त्या दिवशी शाळेत सात पोरं आली होती. गुरुजींनी त्या सातांना सातचा पाढा शिकवला.

"पोटचा गेला तरी ज्यानं शाळेला कुलूप लावलं नाही," बुवांनी आवाज चढवला, "त्याच्या गावात शाळेला कधी कुलूप लागणार नाही. पांडुरंग लागू देणार नाही."

मांडवात हुंदके फुटले. डोमाजीच्या बोटांखाली विण्याची तार वाजत होती, एकसारखी, जशी वाजायला हवी तशी. त्याला वाटलं, हा विणा बाजूला ठेवावा आणि ओरडून सांगावं, बुवा, कुलूप लागलं, मीच लावलं, चावी ही बघा. पण विणा ठेवायचा कुठं? खाली ठेवता येत नाही, आणि घ्यायला दुसरं कुणी पुढं येत नव्हतं. तो उभा राहिला.

आरती झाली आणि रीत सुरू झाली. कीर्तन संपलं की विणेकऱ्याच्या पाया पडायचं. आधी बुवा वाकले, मग उद्धवराव, मग म्हातारे, बाया. शेवटी पोरं. ओळीनं आली, गुरुजींनी शिकवलं होतं तशी, उजवा हात उजव्या पायाला, डावा डाव्याला. एकेक पोर त्याच्या पावलांवर कोवळे हात टेकत होतं आणि डोमाजी मनात मोजत होता. त्याला मोजायचं नव्हतं. थांबवता येत नव्हतं. त्रेचाळिसाव्या पोराला त्यानं गळ्यातला विणा दोन्ही हातांनी छातीशी आवळला.

मांडव रिकामा झाल्यावर तो राहीबाईंच्या ओसरीवर गेला. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळ मोकळं.

"बाई, मले एक सांगायचं हाये. गुरुजीनं मले—"

"ठाव हाये, डोमाजीभाऊ," राहीबाई म्हणाल्या. "मी माजघरातच होती. सारं ऐकलं."

डोमाजी ओसरीच्या कडेला बसला. "मंग त्या दिवशी तुमी काऊन बोलल्या नाई? तुमी एक शब्द बोलल्या असत्या त पाटील थांबले असते. बाप्पा, साऱ्या गावानं ऐकलं असतं."

राहीबाईंनी शाळेकडं पाहिलं. तिथल्या ओट्यावरच्या रिकाम्या झोळ्या वाऱ्यानं हालत होत्या.

"माह्यं लेकरू गेलं तवा टाळ वाजला नोता, भाऊ. घंटा वाजली होती," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्साची ती घंटा माह्या कानात हाये. मले वाटलं, याईच्या माघारी तरी टाळ वाजावा. मी मनात म्हनलं, आज माह्यं ऐका. एक दिस."

डोमाजीनं मान खाली घातली. त्याला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. आता तो काटा दोन काळजांत झाला, एवढंच.

जूनमध्ये तेलगू मास्तर आला. निर्मळकडचा पोरसवदा माणूस, नम्र. आल्या आल्या गुरुजींच्या तसबिरीला त्यानं हार घातला आणि डोमाजीला हिंदीत विचारलं, ये बड़े साब कौन. डोमाजीनं चावी त्याच्या पुढं धरली, तर तो म्हणाला, आपके पास ही रखो. नोकरी तीच राहिली, घंटा तीच राहिली. आतली अक्षरं तेवढी बदलली. पोरं पहिल्या महिन्यात आली, ओठ हलवत बसली. घरी तेलगू बोलणारं कुणी नाही, शेतात नाही, पारावर नाही. जी तिसरीत होती ती पुन्हा पहिलीत बसली आणि लाजली. कपाशीला बोंडं धरली तशी पोरं एकेक करून शाळेतून गळत गेली. कुणी बांधांवर फिरून बोलवायला नव्हतं. डोमाजी दोनदा फिरला. आयांनी विचारलं, "कायले पाठवू भाऊ? तिले काई समजून राह्यलं का?" डोमाजी पुढच्या बांधाकडं वळला. दिवाळीपर्यंत शाळेत अठरा उरली.

टाळ राहीबाईंनी घरी नेऊन ठेवले होते. एकादशीला त्या अंगण सारवायच्या आणि डोमाजी विणा घेऊन बसायचा. आषाढात वीस-बावीस पोरं आली. श्रावणात नऊ. कार्तिकात राहीबाई आणि डोमाजी. भजन रीतीप्रमाणं झालं, पण दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

माघात महिपत गेला.

डोमाजीनं त्या दिवशीही साडेदहाला घंटा दिली, मास्तरची परवानगी घेतली, विणा गळ्यात घातला आणि तिरडीपुढं उभा राहिला. टाळ घ्यायला दोन म्हातारे पुढं आले. एकाच्या हातातून टाळ सुटून धुळीत पडला. उद्धवराव पाटलांनी तो उचलून कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. त्यांना वाजवता येत नव्हता.

घाटाची वाट शाळेवरून जाते. तिरडी तिथं आली तेव्हा आत पोरं तेलगू मुळाक्षरं एका सुरात म्हणत होती. सूर चांगला लागला होता, गुरुजींनी लावून दिलेला तोच. एक-दोन माना खिडकीकडं वळल्या. मास्तर दारात आला, त्यानं चपला काढल्या, हात जोडले, मयत पुढं जाईपर्यंत उभा राहिला आणि आत जाऊन पुन्हा शिकवू लागला. कुणाला सुट्टी दिली नाही. बरोबरच केलं त्यानं. मयत जात होती आणि शाळा उघडी होती. गुरुजींनी मागितलं होतं ते हेच.

डोमाजी पुढं चालला. कपाशीतून वाट तशीच होती, धूळ तशीच. त्यानं नामाची पहिली ओळ म्हटली आणि सवयीनं थांबला, मागून पोरांनी झेलावी म्हणून. मागं चौघा खांदेकऱ्यांच्या पावलांचा आवाज होता. तो थोडा वेळ वाट पाहत चालला. मग दुसऱ्या खेपेलाही ती ओळ त्यानंच म्हटली.